गोल्फमध्ये ड्रायव्हरचा स्लाइस जात नाही. जाळी आणि गच्ची एवढ्यावर कोणता सराव करू?

फाउंड्रीवाला_कोल्हापूर

नमस्कार मंडळी. मी शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत काम करतो, राहायला राजारामपुरीत. कामानिमित्त पुण्याला वरचेवर जाणं होतं. तिथं एका ग्राहकाच्या आग्रहानं गोल्फ सुरू केलं आणि आता मनापासून आवडायला लागलंय. वय 42, उजव्या हातानं खेळतो.

अडचण एकच आहे. सेव्हन आयर्न, म्हणजे मधल्या अंतराचा आखूड क्लब, बऱ्यापैकी सरळ जाते. ड्रायव्हर, म्हणजे सगळ्यात लांब क्लब, हातात घेतला की चेंडू हवेत उजवीकडे वळत वळत झाडीत जातो. हाच तो स्लाइस. जितका जोर लावावा तितकं वळण मोठं. म्हणून मी डावीकडे तोंड करून उभा राहायला लागलो, तर वळण आणखीच वाढलं.

सोय काय आहे ते सांगतो. शेडच्या मागच्या मोकळ्या जागेत क्रिकेटची जुनी जाळी बांधली आहे. तिच्यापासून दहाएक फुटांवर कृत्रिम गवताची मॅट टाकली आहे. घराला गच्ची आहे. रोज अर्धा तास नक्की देऊ शकतो. खरा कोर्स पुण्याला गेल्यावरच मिळतो.

व्हिडिओ बघून डोकं भणाणून गेलंय. कुणी म्हणतं आधी कंबर फिरवा, कुणी म्हणतं हात सैल सोडा, कुणी म्हणतं खांदा खाली ठेवा. सरावाचे प्रकार मला ढीगभर सापडलेत. मला हवाय तो क्रम. आधी काय, मग काय?

बावधनकर

सरळ सांगतो, तुमचा क्लब बाहेरून आत येतोय, म्हणजे चेंडूच्या पलीकडून तुमच्या अंगाकडे कापत. बहुतेक नवख्यांचं हेच असतं. उजवा पाय थोडा मागे घेऊन उभे राहा आणि लक्ष्याच्या उजव्या बाजूला मारायचंय असं समजून स्विंग करा. वाट सुधारली की वळण आपोआप कमी होईल.

दुसरं म्हणजे मोबाइलवर स्लो मोशनमध्ये चित्रण करा. मोबाइल हातांच्या उंचीवर आणि तुमच्या मागच्या बाजूला, लक्ष्याच्या रेषेत ठेवा. हातात धरून कुणाला काढायला लावू नका, तिपाई घ्या. कॅमेरा थोडा जरी डावा-उजवा झाला तरी स्विंगची वाट वेगळीच दिसते आणि नको तो दोष आपण दुरुस्त करत बसतो.

आणि व्हाइटबोर्डचा मार्कर घ्या. चेंडूवर एक ठसठशीत ठिपका काढा, तो भाग क्लबच्या बाजूला ठेवून मारा. फेसवर, म्हणजे क्लबच्या चेंडूला लागणाऱ्या सपाट बाजूवर, ठसा उमटतो. चेंडू टाचेकडे (दांड्याच्या बाजूला) लागतोय की टोकाकडे हे लगेच कळतं. ड्रायव्हर टाचेकडे लागला तर त्या धक्क्यानंही चेंडूला उजवीकडची फिरकी बसते, मग स्विंग कितीही सुधारा.

सुभेदार_गडहिंग्लज

बावधनकर साहेबांची मार्करची गोष्ट लाख मोलाची आहे. पण इलाज सांगायच्या आधी मला दोन गोष्टी कळल्या पाहिजेत.

पहिली. चेंडू शेवटी उजवीकडं जातो हे समजलं. पण निघताना कुठल्या बाजूला निघतो? सरळ, उजवीकडं का डावीकडं?

दुसरी. ड्रायव्हर धरून उभे राहा आणि मान न हलवता डाव्या मुठीकडं बघा. बोटांच्या मुळाच्या गाठी किती दिसतात? अंगठा कुठं आहे?

फाउंड्रीवाला_कोल्हापूर

सुभेदार साहेब, आत्ताच धरून बघितलं. गाठ जेमतेम एक दिसते. अंगठा दांड्यावर अगदी मधोमध, सरळ खाली. चेंडू निघतो डावीकडे. सुरुवातीला वाटतं फेअरवेच्या, म्हणजे मधल्या कापलेल्या गवताच्या पट्ट्याच्या, डाव्या कडेला पडेल, मग तिथून उजवीकडे वळतो.

सुभेदार_गडहिंग्लज

मग रोग कळला. आता जरा निवांत वाचा, लांबड लावणार आहे.

मी फौजेत असताना आमच्या स्टेशनच्या गोल्फ कोर्सची देखभाल बरीच वर्षं माझ्याकडं होती. ग्रीन कापून घेणं, बंकर भरणं, पाण्याच्या पाळ्या लावणं हे माझं काम. कोच यायचे, अधिकाऱ्यांना शिकवायचे, मी कडेला उभा राहून ऐकायचो. पुढं एका साहेबांनी जुना सेट दिला आणि मीही खेळायला लागलो. आता गावाकडं शेती आहे. भुईमूग निघाला की मोकळ्या रानात चिपिंग, म्हणजे जवळचे हलके फटके, करतो. त्यामुळं कोर्स जवळ नसताना काय करता येतं ते मला चांगलं माहीत आहे.

चेंडू निघतो कुठं, हे मुख्यतः क्लबचा फेस ठरवतो. आदळायच्या क्षणी फेस जिकडं बघत असतो तिकडंच चेंडू निघतो. चारातल्या तीन हिश्श्यांहून जास्त काम त्याचं. आणि हवेत वळतो किती, हे फेस आणि क्लबची वाट यांच्यातल्या फरकावर ठरतं. तुमचा चेंडू डावीकडं निघतो, म्हणजे फेस लक्ष्याच्या डावीकडं आहे. तरीसुद्धा उजवीकडं वळतो, म्हणजे क्लबची वाट त्याहून जास्त डावीकडं आहे. बाहेरून आत कापत येतोय. त्या वाटेच्या मानानं फेस उघडा, म्हणून स्लाइस. डावीकडं तोंड करून उभं राहिलात तेव्हा वाट आणखी डावीकडं गेली, म्हणून वळण वाढलं.

सेव्हन आयर्नमध्येही हाच दोष आहे, फक्त दिसत नाही. तिचा लॉफ्ट, म्हणजे फेसचा मागं झुकलेला कल, तीस-चौतीस अंशांचा, चेंडूला उलटी फिरकी भरपूर मिळते, तिच्यापुढं बाजूचं वळण फिकं पडतं. ड्रायव्हरचा लॉफ्ट नऊ ते बारा अंश. तिथं तेवढाच फरक चेंडूला झाडीत नेतो. तेव्हा ड्रायव्हर बदलायच्या भानगडीत पडू नका.

आता ही वाट डावीकडं का गेली? पहिल्या दिवसापासून फेस उघडा राहत होता, चेंडू उजवीकडं जात होता. ते बघून बघून तुमच्या अंगानं क्लब डावीकडं ओढायला सुरुवात केली. कुणी शिकवलं नाही, शरीर स्वतः शिकलं. म्हणून माझं म्हणणं असं की वाटेला आत्ता हात लावायचा नाही. आधी ग्रिप, म्हणजे क्लब धरायची रीत. मग फेस. मग वाट. वेग सगळ्यात शेवटी.

ग्रिपपासून सुरू करू. डाव्या हातात क्लबची मूठ तळव्यातून जात नाही, बोटांतून जाते. तर्जनीच्या मधल्या पेरापासून करंगळीच्या बुडापर्यंत तिरकी. मूठ मिटल्यावर वरून दोन, फार तर अडीच गाठी दिसल्या पाहिजेत. अंगठा दांड्याच्या मधोमध नको, थोडा उजव्या अंगाला. अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये जी चीर पडते तिचं टोक उजव्या खांद्याकडं जायला हवं. उजवा हात बाजूनं येऊन बसतो, वरून नाही. त्याचीही चीर उजव्या खांद्याकडंच.

हे धरल्यावर क्लब दुसऱ्याच कुणाचा तरी वाटेल. तो परकेपणा जाईपर्यंत एकही चेंडू मारायचा नाही. रात्री जेवण झालं, बातम्या लावल्या की क्लब हातात घ्यायचा. ग्रिप धरायची, सोडायची, परत धरायची. डोळे मिटून धरायची आणि मग उघडून बघायचं. मूठ आवळायची नाही. क्लब निसटू नये आणि मनगटं मोकळी हलावीत, एवढाच दाब. हे काम कंटाळवाणं आहे आणि लोक इथंच पळून जातात. पण ग्रिप चुकीची ठेवून केलेला कुठलाही सराव त्या चुकीला सांभाळून घ्यायलाच शिकवतो.

मग गच्चीवर चला. तिथं काँक्रीट आहे, क्लब जमिनीला लागता कामा नये. मनगटाला आणि कोपराला त्याचा फार वाईट झटका बसतो. जाड काथ्याचं पायपुसणं घ्या आणि चेंडूच्या जागी ठेवा. सेव्हन आयर्न घ्या. स्विंग अर्धाच: मागं डावा हात जमिनीला समांतर होईपर्यंत, पुढं उजवा हात समांतर होईपर्यंत. बस्स. फौजेत रंगरूटाला सलामीसुद्धा आधी गिनतीवर शिकवतात. प्रत्येक गिनतीला थांबायचं, उस्ताद येऊन कोपर, बोटं, नजर तपासणार, मग पुढची गिनती. तसंच करा. पहिल्या गिनतीला क्लबचा दांडा कमरेच्या उंचीवर समांतर आला की थांबा आणि फेस बघा. फेसची खालची कड तुमच्या पाठीच्या कलाशी जुळली पाहिजे. फेस आभाळाकडं बघत असेल तर मनगटांनी तो उघडला. परत सुरुवातीपासून. दुसऱ्या गिनतीला वर, तिसरीला कमरेपर्यंत खाली, चौथीला पायपुसण्यावर, पाचवीला पुढं. चौथ्या गिनतीला हात क्लबच्या डोक्याच्या किंचित पुढं असावेत आणि वजन डाव्या पायावर आलेलं असावं.

गिनती अंगात बसली की न थांबता, पण सावकाश. पायपुसण्याला क्लबचा घासता आवाज एकाच जागी यायला हवा. आज इथं, उद्या चार बोटं मागं असं होत असेल तर वजन मागच्या पायावर राहतंय. मग पायपुसण्यावर खडूनं आडवी रेघ मारा आणि आवाज रेघेच्या पुढं आणायचा प्रयत्न करा. आयर्नला तेच हवं असतं, आधी चेंडू आणि मग जमीन.

यानंतर दोन्ही पाय जुळवून तोच अर्धा स्विंग करा. जोर लावलात तर तोल जाईल, त्यामुळं हाताची घाई आपोआप मोडते. आणि डाव्या काखेत पातळ पंचा दाबून करा. पंचा पडला तर हात छातीपासून सुटले. हे फक्त अर्ध्या स्विंगला. पूर्ण स्विंगला पंचा दाबून ठेवायला गेलात तर खांदे आखडतील.

जाळीविषयी वेगळं लिहितो, कारण तुमच्याकडं जाळी आहे म्हणजे मोठी दौलत आहे. आत्ता भुईमुगाला पाणी द्यायची पाळी आली आहे.

फिजिओताई_राजारामपुरी

सुभेदार काका, तुमचं वाचून फार बरं वाटलं, विशेषतः काँक्रीटचा इशारा. माझ्याकडे गोल्फ खेळणारे थोडेच येतात, पण येतात ते बहुतेक कंबर धरूनच.

फाउंड्रीवाला दादा, स्विंगमध्ये "कंबर फिरवा" असं सगळे म्हणतात, पण कमरेचे मणके फिरण्यासाठी बनलेलेच नाहीत. त्यांना वाकणं चांगलं जमतं, पीळ घेणं फार थोडं. वळण यायला हवं पाठीच्या वरच्या भागातून आणि खुब्यातून. दिवसभर खुर्चीत आणि मग शिरोलीपासून गाडीत, म्हणजे नेमक्या याच दोन जागा आखडतात. मग वळणाचा सगळा भार कमरेवर पडतो.

सरावाआधी पाच मिनिटं एवढं करा. खुर्चीच्या कडेला बसा, गुडघ्यांमध्ये उशी दाबून धरा, खांद्यांवर आडवी काठी घ्या आणि सावकाश दोन्हीकडे वळा. उशी घसरली नाही म्हणजे खुबे स्थिर आहेत आणि वळण पाठीतूनच येतंय. मग कुशीवर झोपून गुडघे पोटाजवळ घ्या, वरचा हात उघडत पाठीमागे जमिनीकडे न्या, नजर हाताबरोबर जाऊ द्या, श्वास सोडत जा. दोन्ही कुशींवर. शेवटी भिंतीला हात टेकून एका पायावर उभे राहा आणि दुसरा गुडघा वर घेऊन आत-बाहेर फिरवा.

तालमीत बैठका मारलेल्या माणसाचे खुबे सहसा छान मोकळे असतात. तुम्ही कधी तालमीत गेला असाल तर बैठका पुन्हा सुरू करा, हळूहळू. हलका मुद्गल फिरवायलाही हरकत नाही, पण खांदा दुखत असेल तर नको. कोपराच्या आतल्या बाजूला दुखायला लागलं तर दोन-चार दिवस थांबा. क्लब आवळून धरणाऱ्यांना हा त्रास लवकर होतो.

बावधनकर

सुभेदार साहेब, एक शंका विचारतो. त्याचा फेस आधीच लक्ष्याच्या डावीकडे आहे असं तुम्हीच म्हणालात. आता ग्रिप बदलून फेस आणखी मिटवला तर चेंडू आणखी डावीकडे जाणार नाही का? मला कोचनं आधी वाट सुधारायला लावली होती आणि माझा स्लाइस त्यानंच गेला.

सुभेदार_गडहिंग्लज

जाणार. नक्की जाणार, आणि मला तेच हवंय.

बघा, साहेब. सुरुवातीला त्याचा चेंडू डावीकडं निघेल आणि डावीकडंच सरळ जाईल, वळणार नाही. याचा अर्थ फेस आणि वाट एका दिशेला आल्या. दोघं एका दिशेला आले की दोघांना मिळून उजवीकडं सरकवणं सोपं असतं. शिवाय डावीकडं जाणारा चेंडू बघितला की अंग क्लब डावीकडं ओढायचं स्वतःहून सोडतं. पण फेस उघडा असतानाच वाट उजवीकडं वळवली तर चेंडू आधी थेट उजवीकडं निघेल. माणूस घाबरतो आणि परत जुन्या ओढण्यावर येतो. तुमच्या कोचनं तुमच्यासमोर उभं राहून, रोज डोळ्यासमोर ठेवून दुरुस्ती केली, तिथं वाटेपासून सुरुवात केली तरी चालतं. तुमची ग्रिपही कदाचित आधीच चांगली असेल. हा गडी जाळीपुढं एकटा आहे.

आता जाळी. जाळीत चेंडूचं वळण दिसत नाही, म्हणून लोक जाळीला कमी लेखतात. पण दहा फुटांवर चेंडू कुठं लागला हे दिसतं, म्हणजे तो कुठं निघाला हे दिसतं, म्हणजेच फेस कुठं होता ते दिसतं. चेंडूच्या बरोबर समोर, लक्ष्याच्या रेषेत जाळीला रंगीत चिंधी बांधा. चेंडू चिंधीच्या डावीकडं लागला तर फेस डावीकडं. एवढी साफ खबर कोर्सवर वारा आणि उतार यांच्या गोंधळात मिळत नाही.

वाट कळायला दुसरी खूण लागते. चप्पल लाइनमधून कधी काळी आणलेला चपलांचा पुठ्ठ्याचा खोका घरात असेलच. तो चेंडूच्या बाहेरच्या अंगाला, वीतभर मागं ठेवा. चेंडू आणि खोका यांच्यात क्लबचं डोकं जाईल एवढी फट सोडा. बाहेरून आत आलात की खोका उडणार. आधी सेव्हन आयर्ननं, अर्ध्या स्विंगनं. खोका उडाला नाही आणि चेंडू चिंधीपाशी लागला, म्हणजे फेसही ठीक आणि वाटही ठीक. एकच जमलं तर कुठल्या बाजूचं काम बाकी आहे ते तुम्हालाच कळेल, मला विचारायची गरज नाही.

जाळीबद्दल एक सावधगिरी. क्रिकेटची जुनी जाळी जागोजागी विरलेली असते. गोल्फचा चेंडू 43 मिलिमीटरांहूनही थोडा लहान, क्रिकेटच्या चेंडूच्या मानानं पुष्कळ बारका, आणि वेग मोठा. मागं शेडमध्ये माणसं काम करत असतील तर आधी जाळीमागं दुहेरी ताडपत्री सोडा. जाळी ताणून बांधू नका, सैल ठेवा, नाहीतर चेंडू उलटून तुमच्याच अंगावर येईल.

अजून एक सराव सांगतो, घरात होतो. पोत्यात जुन्या चिंध्या ठासून भरा, तोंड शिवून टाका आणि चेंडूच्या जागी ठेवा. क्लब सावकाश आणून पोत्याला टेकवा आणि तिथंच दाबून धरा. हात पुढं, डावं मनगट सपाट, फेस चौकोनी, पोट थोडं लक्ष्याकडं वळलेलं. तो आकार अंगाला कळू द्या. जोरात हाणायचं नाही. काहीजण मोटरसायकलचा टायर वापरतात. तो क्लबला उसळी देतो आणि मनगट दुखावतं, मला ते पसंत नाही.

फाउंड्रीवाला_कोल्हापूर

उशिरा लिहितोय, पण सांगितलेला क्रम मोडला नाही. ग्रिप आता डोळे मिटून बसते. पायपुसण्याचा आवाज रेघेच्या पुढे यायला लागला. जाळीमागे ताडपत्री सोडली. पावसानं पंचगंगा फुगली तेव्हा शेडकडे जाणं जमत नव्हतं, त्या काळात घरात पोतं आणि पंचा एवढंच केलं. फिजिओताई, काठी आणि उशी रोज चालू आहे. सकाळी उठताना पाठ पूर्वीइतकी धरत नाही.

उघडीप झाल्यावर पुण्याला जाऊन आलो. सुभेदार साहेबांनी लिहिलं होतं तसंच झालं. ड्रायव्हर डावीकडे निघाला आणि डावीकडे सरळ गेला. तुमचं आधी वाचलेलं नसतं तर मी तिथंच ग्रिप पुन्हा जुनी केली असती. शेवटच्या काही होल्सवर दोन चेंडू फेअरवेच्या मधोमध पडले. इतका आनंद झाला की बरोबरच्या ग्राहकाला मिठीच मारली.

आता दोन प्रश्न. मार्करचा ठसा ड्रायव्हरवर अजून टाचेकडे येतोय. आयर्नमध्ये मधोमध. आणि जोर कधी वाढवू? बाकीचे माझ्यापुढे पन्नास-साठ यार्ड मारतात.

सुभेदार_गडहिंग्लज

शाब्बास! वाचून खरंच आनंद झाला. डावीकडं जाणाऱ्या चेंडूला न घाबरता ग्रिप टिकवलीत, हे सगळ्यात अवघड काम होतं.

टाचेचं कारण बहुतेक असं असेल. खाली येताना तुमचं बूड चेंडूकडं सरकतं, अंग उभं होतं, हातांना जागा उरत नाही आणि क्लब बाहेर ढकलला जातो. आयर्न आखूड असल्यानं तिथं निभावतं, ड्रायव्हर लांब असल्यानं तिथं उघड पडतं. यासाठी भिंत पुरे. भिंतीकडं पाठ करून उभे राहा, स्विंगला वाकता तसं वाका, बूड भिंतीला हलकं टेकू द्या. हात छातीवर आडवे, क्लब नको. मागं वळताना उजवं ढुंगण भिंतीला टेकलेलं, पुढं वळताना डावं येऊन टेकलं पाहिजे. मधल्या वेळी दोन्ही सुटली तर अंग पुढं गेलं. ताईंनी सांगितलेला खुब्याचा व्यायाम इथंच कामाला येतो. खुबा वळत नसेल तर शरीराला उभं होण्यावाचून मार्ग नसतो.

ड्रायव्हरची उभं राहण्याची रीतही तपासा. चेंडू डाव्या टाचेच्या रेषेत ठेवा, त्याहून पुढं नको. फार पुढं ठेवला की खांदे आपोआप डावीकडं उघडतात आणि बाहेरून येणारी वाट परत आली म्हणून समजा. टी, म्हणजे चेंडूखालची खुंटी, एवढी उंच की चेंडूचा अर्धा भाग क्लबच्या माथ्याच्या वर दिसेल. उजवा खांदा डाव्यापेक्षा थोडा खाली. आयर्नला जमीन चेंडूच्या पुढं घासायची असते, ड्रायव्हरला उलट, क्लब वर चढता चढता चेंडू घ्यायचा असतो.

जोराचं म्हणाल तर हातांनी वाढवायचा नाही. चांगल्या खेळाडूंचा क्लब मागं जायला जेवढा वेळ घेतो त्याच्या साधारण एक तृतीयांश वेळात खाली येतो. हौशी माणूस मागं झपकन नेतो आणि वरून हातांनी ढकलतो. गिनती लावा: मागं जाताना एक, दोन, तीन आणि चारला चेंडू. मग पाऊल टाकायचा सराव घ्या. पाय जुळवून उभे राहा, क्लब मागं वर पोचतोय तेवढ्यात डावा पाय लक्ष्याकडं टाका आणि मग स्विंग येऊ द्या. आधी पाय, मग खुबा, मग छाती, हात सगळ्यात शेवटी. हा क्रम बसला की चेंडू लांब जातो. आधी चेंडूशिवाय, मग जाळीत.

बाकीचे पन्नास यार्ड पुढं असू द्या. टोकियो ऑलिंपिकमध्ये अदिती अशोक चौथी आली, तिच्याबरोबर खेळणाऱ्यांतल्या कितीतरी जणी तिच्यापेक्षा पुष्कळ लांब मारत होत्या. पदक एका फटक्यानं हुकलं. पटिंगवर, म्हणजे चेंडू जमिनीवरून भोकात ढकलण्यावर, तिनं ते चार दिवस जगाला मान डोलवायला लावली. तुमच्या गच्चीवर पटिंगला काय अडचण आहे? सतरंजी अंथरा, वाटी आडवी ठेवा.

बावधनकर

सुभेदार साहेब, तुमचं फेस आधी हे म्हणणं मी आमच्या गटातल्या एका नवीन मुलावर वापरून बघणार आहे. त्याच्या ग्रिपमध्येही एकच गाठ दिसते.

फाउंड्रीवाला, पुढच्या खेपेला पुण्यात आलात की आधी कळवा. मी तिपाई आणतो, मागून आणि समोरून दोन्ही बाजूंनी चित्रण करू. भिंतीच्या सरावाचा फरक समोरून नाही, मागूनच नीट दिसेल.

फाउंड्रीवाला_कोल्हापूर

नक्की कळवतो. सुभेदार साहेब, एकच शेवटचं. माझी मुलगी दहा वर्षांची आहे, गच्चीवर माझ्याबरोबर पायपुसण्यावर स्विंग करते. माझा जुना आयर्न कापून आखूड करून दिला तर चालेल का? कारखान्यात कापून, ग्राइंड करून मिळेल.

सुभेदार_गडहिंग्लज

कापू नका. मोठ्या माणसाचा क्लब आखूड केला तरी डोकं तेवढंच जड राहतं, दांडा आणखी ताठ होतो आणि मूठ तिच्या बोटांना जाडच पडते. तिला तो उचलण्यासाठी अंग मागं टाकावं लागेल आणि तीच सवय लागेल. मुलांचा हलका ग्रॅफाइट दांड्याचा एक आयर्न आणि एक पटर (पटिंगचा क्लब) घ्या, पूर्ण सेट लागत नाही. वापरलेला मिळाला तरी चालेल. उंची सांगून घ्या, वय सांगून नको.

तिला गिनती लावू नका. पाय जुळवून स्विंग आणि वाटीत पटिंग एवढंच. ग्रिप मात्र पहिल्या दिवसापासून दोन गाठींची. दिवाळीनंतर भुईमूग निघालेला असेल, तिला घेऊन गडहिंग्लजला रानात या. तिथं मोकळं मारता येईल.